संरक्षण आणि अवकाश : अभियंत्यांचे एक दीर्घ पल्ल्याचे क्षेत्र

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या व्यवसाय मार्गदर्शन मेळाव्यात एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकाला प्रश्न विचारला. "सर, मी इलेक्ट्रिकलला आहे. क्षेपणास्त्रांच्या नाहीतर उपग्रहांच्या कामात जायचं तर विमानाचंच शिक्षण घ्यायला हवं होतं का? आता उशीर झाला का?" तिच्या शेजारी तिचे वडील उभे होते. त्यांची शंका निराळी होती. "साहेब, हे काम कायमचं असतं का? आणि पोरीला गावाकडं येता येईल का?"

लेखक कला शाखेचा पदवीधर. त्या दिवशी त्याने जे उत्तर दिले ते अर्धवट होते, याची जाणीव त्याला परतीच्या प्रवासातच झाली. त्यानंतर या क्षेत्रात आयुष्य घालविलेल्या काही अभियंत्यांशी बोलण्याचा योग आला. त्यांच्याकडून जे समजले आणि जे प्रसिद्ध आहे त्याच्या आधारे, त्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे देण्याचा प्रयत्न केला आहे.

चार यंत्रे, एक शास्त्र

लष्करी विमानविद्या म्हणजे लढाऊ विमान आणि ते चालविणारा वैमानिक, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या क्षेत्रात चार प्रकारची यंत्रे येतात. विमान, क्षेपणास्त्र, उपग्रह वाहून नेणारा प्रक्षेपक आणि स्वतः उपग्रह ही ती चार यंत्रे होत. विमान हवेच्या आधाराने तरंगते. क्षेपणास्त्र हवेतून वर जाते आणि पुन्हा हवेत परतते. प्रक्षेपकाला वर चढून भागत नाही. पृथ्वीला समांतर असा सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटरचा वेग त्याला उपग्रहाच्या अंगी आणून द्यावा लागतो, तेव्हाच उपग्रह खाली न पडता फिरत राहतो. उपग्रहाला तर दुरुस्तीसाठी हात लावण्याची सोय नसलेल्या निर्वात पोकळीत वर्षानुवर्षे काम करावयाचे असते.

असे असले तरी या चारही यंत्रांना हलका पण मजबूत धातू लागतो, आपण कोठे आहोत आणि कोणत्या दिशेला वळलो आहोत हे सांगणारी उपकरणे लागतात, नियंत्रणाची विद्युत्‌प्रणाली लागते, गणित लागते. म्हणूनच एका यंत्रावर काम केलेला अभियंता दुसऱ्यावर जाऊ शकतो आणि एकासाठी शोधलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

महाराष्ट्राला हे क्षेत्र परके नाही. १९४० साली बंगळूर येथे विमानाचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्या कारखान्यात घडविलेल्या पहिल्या भारतीय प्रशिक्षण विमानाचे, एच. टी.-२ चे, रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनीतील गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले होते. ते विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार होऊन सप्टेंबर १९६४ मध्ये आकाशात गेले. आपल्या वायुदलाच्या कित्येक तुकड्या या विमानांवर उड्डाणाचे पहिले धडे शिकल्या, तरी घाटगे यांचे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नाही. या क्षेत्रातील कामाचे स्वरूपच बहुधा असे आहे.

एका कारकिर्दीचा आलेख

या क्षेत्रातील आयुष्य प्रत्यक्षात कसे घडते हे पाहण्यासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या कारकिर्दीसारखे दुसरे उदाहरण नाही. ते राष्ट्रपती झाले म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. येथे मात्र त्यांच्याकडे एक नोकरदार अभियंता म्हणून पाहावयाचे आहे.

मद्रासच्या तंत्रशास्त्र संस्थेतून विमान अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांना वायुदलात वैमानिक व्हावयाचे होते. डेहराडून येथील निवडीत जागा आठ होत्या आणि आपला क्रमांक नववा आला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. १९५८ साली ते संरक्षण खात्याच्या तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयात रुजू झाले. बंगळूरच्या वैमानिकी विकास केंद्रात त्यांनी 'नंदी' हे हवेच्या गादीवर तरंगत चालणारे वाहन तयार केले. तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्यात बसूनही आले. वाहन चालले, पण पुढे सेवेत गेले नाही. पहिलेच स्वतंत्र काम असे गुंडाळले गेल्यावर एखादा तरुण निराश झाला असता. कलाम १९६२ साली नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अवकाश संशोधन समितीकडे गेले आणि केरळातील थुंबा येथे अग्निबाण सोडण्याच्या कामाला लागले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकन बनावटीचा होता. स्वतःचा प्रक्षेपक स्वतःच्या उपग्रहासह सोडण्यास त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे लागावयाची होती.

तो प्रक्षेपक म्हणजे एस. एल. व्ही.-३. उंची २२ मीटर, वजन सुमारे १७ टन, चार टप्पे आणि चारही टप्प्यांत घन इंधन. घन इंधन म्हणजे दिवाळीच्या बाणातील दारू अधिक प्रमाणात भरणे नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. अमोनियम पर्क्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे बहुवारिक यांचे मिश्रण पोलादी कोषात ओतून गोठविले जाते. मध्ये तारकाकृती वा तत्सम आकाराची पोकळी ठेवतात. इंधन या पोकळीच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या बाजूस जळत जाते. पृष्ठभाग जितका अधिक, तितका वायू अधिक आणि दाब अधिक. म्हणून पोकळीच्या आकारावरून कोणत्या सेकंदाला किती जोर मिळेल ते ठरते. अशा इंधनात केसाएवढी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग अकस्मात वाढतो, दाब चढतो आणि कोष फुटू शकतो. घन इंधनाची ही विद्या भारतात रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. एस. एल. व्ही.-३ उडाले तेव्हा थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद त्यांच्याकडे होते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिले उड्डाण झाले. पहिला टप्पा बिनचूक जळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीत नायट्रिक आम्ल वापरले जात असे. एका झडपेतून ते गळून गेले होते आणि वेळ आली तेव्हा यान सावरण्यास लागणारा जोर मिळू शकला नाही. ३१७ सेकंदांनी प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात विसावला. कलाम प्रकल्प संचालक होते. वार्ताहरांसमोर मात्र अवकाश संघटनेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. वर्षभरात, १८ जुलै १९८० रोजी, त्याच प्रक्षेपकाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्या दिवशी धवन यांनी वार्ताहरांसमोर कलामांना पाठविले. शासकीय सेवेत ही रीत किती दुर्मिळ आहे, हे सेवेतील वाचकांना सांगावयास नको.

यापुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९८२ साली कलाम पुन्हा संरक्षण खात्यात, हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेचे संचालक म्हणून आले. येताना त्यांच्याजवळ वीस वर्षांचा अनुभव होता आणि सिद्ध झालेली एक मोटारही होती. 'अग्नि' क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा म्हणून एस. एल. व्ही.-३ चाच एक मीटर व्यासाचा पहिला टप्पा घेण्यात आला आणि त्यावर 'पृथ्वी' क्षेपणास्त्राच्या द्रव इंधनाचा टप्पा बसविण्यात आला. उरला प्रश्न परतीचा. क्षेपणास्त्राचे टोक पुन्हा वातावरणात शिरताना अडीच हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापते. त्यासाठी कार्बनच्या धाग्यांपासून उष्णता सोसणारे कवच देशातच विणावे आणि भाजावे लागले. एप्रिल व मे १९८९ मध्ये दोनदा उड्डाण ऐनवेळी थांबवावे लागले आणि वृत्तपत्रांतील व्यंगचित्रकारांना विषय मिळाला. २२ मे १९८९ रोजी ओडिशातील चांदीपूरहून अग्नि यशस्वीपणे उडाले.

ज्या मोटारीने ३५ किलोचा उपग्रह वर नेला तीच मोटार शस्त्राचा पाया झाली, ही गोष्ट काहींना खटकते. परदेशांच्याही ती लक्षात आली होती आणि १९८७ नंतर क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंध घालणाऱ्या राष्ट्रांनी आपल्या अवकाश कार्यक्रमालाही त्याची झळ लावली. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणाने ही वस्तुस्थिती आधीच ओळखून यावे. येथे शांततेचे काम आणि संरक्षणाचे काम यांच्यामध्ये पक्की भिंत नाही.

नियोजन म्हणजे काय?

यंत्र घडविणारे अनेक असतात. वीस वर्षांनी कोणते यंत्र लागेल हे आज ठरविणारे थोडे असतात, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात अनुभवी अभियंत्याच्या वाट्याला पुष्कळदा हेच काम येते. बाहेरून ते कागदी वाटते. त्यात जोखीम मात्र मोठी असते.

१९८३ सालचा एक प्रसंग कलामांनीच सांगितला आहे. क्षेपणास्त्रे एकामागून एक, टप्प्याटप्प्याने विकसित करावीत असा प्रस्ताव घेऊन ते तत्कालीन संरक्षणमंत्री आर. वेंकटरामन यांच्याकडे गेले. सर्व क्षेपणास्त्रांचे काम एकाच वेळी, एकात्मिक कार्यक्रम म्हणून का हाती घेऊ नये, असे मंत्र्यांनी विचारले. रातोरात आराखडा बदलावा लागला. पृथ्वी, अग्नि, आकाश, त्रिशूल आणि नाग या पाच क्षेपणास्त्रांसाठी ३८८ कोटी रुपये मंजूर झाले. या निर्णयामुळे प्रयोगशाळा, कारखाने आणि विद्यापीठे एकदम कामाला लागली हे खरे. पण पाचही रोपे सारखी वाढली नाहीत. पृथ्वी १९८८ मध्येच उडाले, तर त्रिशूल शेवटपर्यंत सेनादलांत नियमितपणे दाखल झालेच नाही. नागच्या वाटचालीला तीन दशकांहून अधिक काळ लागला. लेखकाच्या मते या फलिताकडे निव्वळ यश वा निव्वळ अपयश म्हणून पाहणे चूक ठरेल. नियोजनकाराच्या पाच अंदाजांपैकी किती बरोबर यावेत, याची काही एक अपेक्षा आधीच धरलेली असावी लागते.

अवकाशातील प्रणालींचे नियोजन तर आणखी नाजूक असते. समजा, सीमेवरील एखाद्या खिंडीवर आकाशातून लक्ष ठेवावयाचे आहे. उपग्रह पाठविला की काम झाले, असे आपणास वाटते. हिशेब करून पाहू. ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह सुमारे पंचाण्णव मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. खिंडीतून तो क्षितिजाच्या वर दिसेल फार तर अकरा मिनिटे, आणि तेही तो डोक्यावरून गेला तर. पुढच्या फेरीला येईपर्यंत पृथ्वी फिरलेली असते. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे २६०० किलोमीटर होते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत उपग्रह भलत्याच प्रदेशावरून जातो. त्यातून ढग आले तर साध्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. ढगांतून पाहावयाचे तर रडारचा उपग्रह लागतो. याउलट ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रह एकाच जागी स्थिर दिसतो, पण तेथून जमिनीवरील बारीक वस्तू ओळखता येत नाहीत. दळणवळणासाठी मात्र ती जागा उत्तम. म्हणजे प्रश्न 'कोणता उपग्रह' एवढाच राहत नाही. किती उपग्रह, कोणकोणत्या कक्षांत, प्रत्येकाचे आयुष्य किती आणि ते संपण्यापूर्वी दुसरा पाठविण्यास प्रक्षेपक मोकळा असेल काय, अशी ही साखळी वाढत जाते.

भारताने या साखळीच्या कड्या एकेक करून जोडल्या. कारगिलच्या १९९९ मधील संघर्षाने उंच पर्वतरांगांवर सतत नजर ठेवण्याची निकड दाखवून दिली. ऑक्टोबर २००१ मध्ये सुमारे एक मीटर आकाराची वस्तू टिपू शकणारा प्रायोगिक उपग्रह गेला. एप्रिल २००९ मध्ये रडारचा रिसॅट-२ गेला. नौदलाच्या दळणवळणासाठी ऑगस्ट २०१३ मध्ये जीसॅट-७ आणि वायुदलासाठी डिसेंबर २०१८ मध्ये जीसॅट-७ ए पाठविण्यात आले. तिन्ही सेनादलांची अवकाशविषयक कामे एकत्र पाहण्यासाठी २०१९ साली संरक्षण अवकाश अभिकरण स्थापन झाले.

स्थाननिश्चितीच्या स्वदेशी प्रणालीची, म्हणजे नाविकची, कथा नियोजनाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी. २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडले गेले. प्रत्येकात तीन अणुघड्याळे होती, कारण सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली तरी जमिनीवर ठिकाण फुटाने सरकते. घड्याळे परदेशी होती. पहिल्या उपग्रहाची तिन्ही घड्याळे बंद पडली. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये पाठविला, तेव्हा प्रक्षेपकाचे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही आणि उपग्रह आत अडकून राहिला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा बदली उपग्रह पोहोचला. दरम्यान देशी अणुघड्याळाचे काम चालू होते आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात ते बसले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मालिकेतील पुढचा उपग्रह गेला. प्रक्षेपण ठीक झाले, पण उपग्रहाच्या स्वतःच्या इंजिनाकडे जाणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत व त्याला अपेक्षित कक्षेत नेता आले नाही. १९७९ मध्ये झडप आणि २०२५ मध्येही झडप! मोठमोठ्या योजनांचे भवितव्य तळहाताएवढ्या वस्तूवर कसे अवलंबून असते, हे या क्षेत्रातील माणसे फार लवकर शिकतात.

नियोजनातील विवेकाचे एक उदाहरण देऊन हा भाग आटोपता घेऊ. २७ मार्च २०१९ रोजी भारताने आपलाच एक उपग्रह जमिनीवरून सोडलेल्या अस्त्राने थेट धडक देऊन नष्ट केला. लक्ष्याची उंची सुमारे ३०० किलोमीटर इतकी कमी मुद्दाम ठेवली होती. चीनने २००७ साली ८०० किलोमीटरहून अधिक उंचीवर अशीच चाचणी केली तेव्हा नोंद घेण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले, आणि त्या उंचीवर हवेचा अडथळा नाममात्र असल्याने त्यांतील बरेच अजून फिरत आहेत. ३०० किलोमीटरवर विरळ का होईना हवा असते, ती तुकड्यांचा वेग कमी करीत त्यांना खाली ओढते. काही तुकडे धडकेने वर फेकले गेले आणि अंदाजापेक्षा अधिक काळ फिरत राहिले, हेही सांगितले पाहिजे. ज्या कक्षांत उद्या आपलेच उपग्रह फिरावयाचे आहेत तेथे कचरा करून ठेवणे नियोजनकाराला परवडत नाही.

पुणे आणि परिसर

त्या वडिलांचा दुसरा प्रश्न गावाकडे येण्यासंबंधी होता. या क्षेत्रातील कामे श्रीहरिकोटा, हैदराबाद, बंगळूर, थिरुवनंतपुरम आणि चांदीपूर येथे चालतात हे खरे. परंतु महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. पुण्याजवळ सुतारवाडी येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत अग्निबाणांची इंधने व स्फोटके विकसित होतात. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन केंद्राने 'पिनाक' ही अनेक अग्निबाण एकापाठोपाठ सोडणारी प्रणाली घडविली. दिघी येथील अभियांत्रिकी प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रे वाहून नेणारी व उभी करणारी वाहने तयार होतात. नाशिकजवळ ओझर येथील कारखाना १९६४ पासून लढाऊ विमाने बांधीत आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतचा प्रवास करून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे जुळविलेले पहिले तेजस मार्क-१ ए विमान उडाले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे पूर्वी साखरेची यंत्रे बनविणाऱ्या हातांनी पुढे प्रक्षेपकांच्या मोटारींचे पोलादी कोष वळविले. पवई आणि विक्रोळीच्या कारखान्यांनीही हे काम केले आहे. कोषाचा सांधा जोडणाऱ्या जोडाऱ्याला आणि कातारीला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, पण त्याच्या हाताची चूक कोणताही अभियंता भरून काढू शकत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांनी हे ध्यानात ठेवावे. संरक्षण संशोधन संघटना पदविकाधारक आणि प्रशिक्षित कारागिरांचीही भरती वेळोवेळी जाहिरात देऊन करते.

प्रवेशाची दारे

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. उशीर झालेला नाही. गिरीनगर येथील प्रगत संरक्षण तंत्रज्ञान संस्था १९५२ साली खडकीला लहान प्रमाणात सुरू झाली. पुढे ती शस्त्रास्त्र तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जात असे, आणि आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. याच संस्थेत केरळातून आलेल्या एका विद्यार्थिनीने मार्गदर्शित क्षेपणास्त्रांच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिची मूळ पदवी त्रिशूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची आणि शाखा विद्युत अभियांत्रिकीची होती. ती विद्यार्थिनी म्हणजे डॉ. टेसी थॉमस. १९८८ साली त्या संरक्षण संशोधन संघटनेत आल्या, अग्नि प्रकल्पावर काम करू लागल्या आणि नोव्हेंबर २०११ मध्ये अग्नि-४ च्या यशस्वी उड्डाणाच्या वेळी प्रकल्प संचालक होत्या. रुजू झाल्यापासून त्या दिवसापर्यंत तेवीस वर्षे लोटली होती.

यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिकी, धातुशास्त्र, रसायन, संगणक यांपैकी कोणत्याही शाखेचा पदवीधर या क्षेत्रात येऊ शकतो. अभियांत्रिकी पदवीनंतरच्या अखिल भारतीय अभिक्षमता चाचणीतील गुण आणि मुलाखत यांच्या आधारे संरक्षण संशोधन संघटनेत वैज्ञानिक 'ब' या पदावर निवड होते. अवकाश संघटना स्वतंत्र भरती करते. बारावीनंतर थेट या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी थिरुवनंतपुरमला २००७ पासून अवकाश विज्ञान व तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे, तसेच मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत वांतरिक्ष अभियांत्रिकीचा विभाग आहे. गणवेशाची ओढ असणाऱ्यांना वायुदलाच्या तांत्रिक शाखेत अधिकारी होता येते. निवड झाल्यावर दुंडिगल येथील अकादमी आणि बंगळूरजवळील जालहळ्ळीच्या तंत्रज्ञान महाविद्यालयात प्रशिक्षण मिळते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. या प्रवेशाच्या तयारीसाठी राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. ग्रामीण भागातील पालकांना या दोन्ही संस्थांची माहिती असतेच असे नाही, हा मेळाव्यांतील नेहमीचा अनुभव आहे.

विद्यार्थिदशेतच या कामाची चव घेता येते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी बनविलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी कक्षेत गेला. मुंबईच्या तंत्रविज्ञान संस्थेतील मुलांचा 'प्रथम' सप्टेंबर २०१६ मध्ये गेला. या दोन्ही उपग्रहांना इतकी वर्षे लागली की ज्यांनी पहिले आराखडे काढले ती मुले पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. मागून आलेल्यांनी आधीच्यांच्या वह्या वाचून काम पुढे नेले. वरवर ही गैरसोय वाटते, पण मोठ्या प्रकल्पांत असेच घडते, आणि वही नीट लिहिण्याची सवय तेथे यंत्र नीट घडविण्याइतकीच मोलाची ठरते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मार्गदर्शन अपुरे राहील. केलेले काम घरी सांगता येत नाही. उत्तम संशोधन पुष्कळदा छापता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या जगात नाव होत नाही. चाचण्यांच्या काळात सण आणि लग्ने चुकतात. खाजगी क्षेत्रात गेलेला वर्गमित्र अधिक मिळवितो. एखादा प्रकल्प दहा वर्षांनी बंद होतो आणि त्यात घातलेली उमेद कोठे जमा धरावयाची हे कळत नाही. अवकाश क्षेत्र आता खाजगी उद्योगांनाही खुले झाले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अवकाश धोरणाने ते अधिकृतपणे मान्य केले आहे. त्यामुळे नोकरीच्या संधी वाढल्या, पण सगळ्याच संधी कायमस्वरूपी नाहीत. शासकीय प्रयोगशाळेतील वैज्ञानिकाचे पद कायम असते, प्रकल्पापुरती नेमलेली पदे मुदतीची असतात. जाहिरात वाचताना हा फरक पाहावा.

त्या वडिलांना हे सर्व पुढच्या भेटीत सांगितले. मुलीने अभिक्षमता चाचणीची तयारी सुरू केली होती. गिरीनगर कोठे आले, असे त्यांनी विचारले. पुण्याजवळ, खडकवासल्याच्या बाजूला, असे सांगताच त्यांनी आपल्या गावाहून पुण्याला जाणारी एस. टी. रात्री किती वाजता सुटते ते मुलीला विचारून घेतले.